झोपेतील चयापचय आणि उच्छ्वासाचे पृथक्करण

झोपेत शरीराचे काम मंदावते, एवढे आपण सगळेच जाणतो आणि ते खरेही आहे. हृदयाचे ठोके व श्वास संथ होतात, शरीराचे तापमान थोडे उतरते आणि जागेपणी नुसते स्वस्थ पडून राहिल्यावर जेवढी ऊर्जा लागते, त्याहूनही काहीशी कमी ऊर्जा खर्च होते. पण किती ऊर्जा खर्च झाली, एवढा हिशेब मांडून चयापचयाचा अभ्यास संपत नाही. ती ऊर्जा साखरेतून आली की मेदातून, शरीर एका इंधनावरून दुसऱ्या इंधनाकडे नेमके केव्हा वळले आणि त्या वळणामागे उपास होता, दिवसरात्रीचे घड्याळ होते की प्रत्यक्ष झोपच होती, हे प्रश्न माझ्या मते अधिक मोलाचे आहेत. जीवरसायनशास्त्र शिकवताना मला एक उणीव वारंवार जाणवते. आपल्या पाठ्यपुस्तकांत जेवणानंतरच्या आणि उपाशीपोटीच्या चयापचयाच्या सविस्तर आकृत्या असतात, परंतु आयुष्याचा जवळजवळ एक तृतीयांश काळ व्यापणाऱ्या झोपेत, तिच्या टप्प्याटप्प्यांत, हीच चक्रे कशी चालतात यावर एखादा परिच्छेदही सहसा सापडत नाही.

ही उणीव केवळ लेखकांच्या दुर्लक्षामुळे राहिलेली नाही, कारण झोपलेल्या माणसाचे चयापचय पाहणे हेच मुळात अवघड काम आहे. रक्ताचे नमुने घ्यायचे, तर शिरेत बसवलेली नळी लांबवून शेजारच्या खोलीत न्यावी लागते, आणि एवढे करूनही दर मिनिटाला रक्त काढत राहणे शक्य नसते. लघवीच्या नमुन्यात साऱ्या रात्रीची गोळाबेरीज सकाळी एकदम हाती येते, त्यामुळे कोणत्या तासाला काय घडले ते कळत नाही. स्नायूचा किंवा यकृताचा तुकडा काढून पाहावा, तर झोपच मोडते. उच्छ्वास मात्र शरीर आपण होऊन मिनिटाला साधारणपणे बारा ते सोळा वेळा बाहेर टाकत असते. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, झोपणाऱ्याला उठवावे लागत नाही आणि नमुना कधी संपतही नाही. काही क्षणांपूर्वी फुप्फुसांतून गेलेल्या रक्तातील बाष्पनशील रेणू त्या हवेत उतरलेले असतात.

उच्छ्वासावरून चयापचय जाणून घेण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंतोआन लाव्हाझिए यांनी गणितज्ञ लाप्लास यांच्यासह १७८० च्या दशकात बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून, किती बर्फ वितळला आणि प्राण्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला यांची तुलना केली व श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन असल्याचे दाखवले. पुढे १८६० च्या दशकात म्युनिकमध्ये पेटेनकोफर आणि फॉइट यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंदिस्त खोली बांधून, तिच्यात येणाऱ्या व तिच्यातून जाणाऱ्या हवेचे मोजमाप सुरू केले. आजच्या चयापचय कक्षांचे मूळ तत्त्व तेच आहे. किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला हे कळले, की त्यावरून केवळ ऊर्जाच नव्हे तर इंधनही ओळखता येते. ग्लुकोजचा एक रेणू पूर्णपणे जळताना ऑक्सिजनचे सहा रेणू खर्च होतात आणि कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू तयार होतात, म्हणून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर एक येते. पामिटिक आम्लासारख्या मेदाम्लाचा एक रेणू जळताना ऑक्सिजनचे २३ रेणू लागतात व कार्बन डायऑक्साइडचे १६ निघतात, म्हणून तेथे ते सुमारे ०.७ भरते. रात्रभर हे गुणोत्तर एक आणि ०.७ यांच्या दरम्यान कोठे सरकते आहे हे पाहिले, की शरीर कशावर चालले आहे याचा अंदाज बांधता येतो.

जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कक्षात झोपलेल्या निरोगी व्यक्तींची मोजणी करून २०१७ मध्ये दाखवले, की ऊर्जेचा खर्च झोपेच्या पूर्वार्धात उतरत जातो, तळ गाठतो आणि जाग येण्याच्या आधीपासूनच पुन्हा चढू लागतो. जाग येण्याआधीची ही चढण मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण शरीर जागेपणाची तयारी डोळे उघडण्यापूर्वीच सुरू करत असल्याचा तो मोजून मिळालेला पुरावा आहे. तरीही कक्षाच्या पद्धतीला मर्यादा आहेत. खोलीतील हवेचे आकारमान मोठे असल्याने शरीरात झालेला बदल हवेत मिसळून यंत्राला जाणवेपर्यंत वेळ जातो आणि शेवटी हाती येतात ते दोनच वायूंचे आकडे. घराच्या विजेच्या मीटरवरून एकूण किती युनिटे जळाली ते कळते, पण कोणत्या खोलीतला दिवा केव्हा लागला आणि केव्हा विझला ते कळत नाही, तशीच ही स्थिती आहे.

याखेरीज एक सूक्ष्म अडचण आहे, जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. झोप लागताच श्वसन थोडे कमी होते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या काही मिलिमीटरने वाढतो. शरीरात बायकार्बोनेटच्या रूपाने या वायूचा मोठा साठा असतो आणि दाब वाढला की काही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याऐवजी त्या साठ्यात मुरतो. ऑक्सिजनचा तसा मोठा साठा शरीरापाशी नसतो. परिणामी, इंधनात काहीही फरक पडलेला नसतानाही झोपेच्या आरंभी गुणोत्तर घसरलेले दिसते आणि घाईने वाचणारा त्यावरून मेदज्वलन वाढल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

उच्छ्वासात या दोन वायूंपलीकडे बरेच काही असते, हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ठळकपणे दाखवले. त्यांनी अतिशय थंड केलेल्या नळीतून उच्छ्वास सोडून त्यातील बाष्पे गोठवली, नंतर नळी तापवून ती बाष्पे गॅस क्रोमॅटोग्राफमधून, म्हणजे मिश्रणातील पदार्थ वेगवेगळे करणाऱ्या यंत्रातून, नेली आणि त्यांना सुमारे २५० निरनिराळ्या पदार्थांच्या खुणा आढळल्या. त्यांपैकी सर्वांत परिचित पदार्थ म्हणजे ॲसिटोन. यकृतात मेदाम्लांचे विघटन वेगाने होऊ लागले, की तयार होणाऱ्या ॲसिटिल कोएन्झाइम ए चा काही भाग केटोन पदार्थांकडे वळतो आणि त्यांपैकी ॲसिटोॲसिटेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटून ॲसिटोन उरते. निरोगी माणसाच्या उच्छ्वासात त्याचे प्रमाण साधारणपणे दहा लाख भागांत एक भाग किंवा त्याहून कमी असते. उपास लांबला की ते वाढते आणि मधुमेहातील केटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात केटोन आम्ले साचण्याच्या अवस्थेत, कित्येक पटींनी वर जाते.

एवढी अल्प मात्रा मोजायची, तीही श्वासागणिक आणि नमुना न साठवता, ही सोय गेल्या काही दशकांत झाली. इन्सब्रुकमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेल्या एका पद्धतीत हायड्रोनियम आयन (जादा प्रोटॉन मिळालेले पाण्याचे रेणू) उच्छ्वासातील रेणूंना प्रोटॉन देतात आणि असे भारित झालेले रेणू मास स्पेक्ट्रोमीटर वजनानुसार वेगळे करतो. दुसऱ्या एका पद्धतीत विद्युतभारित सूक्ष्म थेंबांच्या फवाऱ्यातून उच्छ्वास नेला जातो. तिला सेकंडरी इलेक्ट्रोस्प्रे आयनीकरण म्हणतात. तुलनेने जड आणि सहज बाष्प न होणारे रेणूही अत्यल्प प्रमाणात टिपता येतात, हा तिचा विशेष गुण आहे. अत्यंत अचूक वजनमापन करणारे यंत्र तिच्या जोडीला आले, की वजनाच्या दशांश स्थळांवरून रेणूचे सूत्र ठरवता येते.

झुरिकमधील ईटीएच हे तंत्रविद्यापीठ, झुरिक विद्यापीठ आणि तेथील विद्यापीठ रुग्णालय यांच्याशी संबंधित संशोधकांनी हीच दुसरी पद्धत झोपेच्या अभ्यासासाठी वापरली आणि २०२१ मध्ये आपले निष्कर्ष ‘सेल रिपोर्ट्स’ या नियतकालिकात मांडले. झोपणाऱ्याच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर नेहमीप्रमाणे इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल व स्नायूंचा ताण यांची नोंद रात्रभर चालू होती आणि त्याच वेळी उच्छ्वास थेट यंत्रात जात होता. अशा मोजणीत उच्छ्वास नेणारी नळी सतत तापवलेली ठेवावी लागते. उच्छ्वास बाष्पाने संपृक्त असतो, त्यामुळे थंड नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि पाण्यात विरघळणारे रेणू त्या थेंबांतच अडकून पडतात. मग आताच्या श्वासातील रेणू पुढच्या श्वासात दिसू लागतात आणि काळाची सारी अचूकता वाया जाते. झुरिकच्या मोजणीत दर १० सेकंदांना एक संपूर्ण वर्णपट, म्हणजे वजनानुसार मांडलेली सर्व रेणूंची नोंद, मिळत होता. आठ तासांच्या झोपेत अशा २,८८० नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत जवळजवळ २,००० रेणूंच्या खुणा होत्या, म्हणजे एका माणसाच्या एका रात्रीतून पन्नास लाखांहून अधिक आकडे हाती येऊ शकतात. झोपेचे टप्पे ठरवताना मेंदूलहरींची नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचली जाते, हे लक्षात घेतले की येथे चयापचयाची मोजणी प्रथमच झोपेच्या मोजणीइतकी, किंबहुना तिच्याहून बारीक झाली हे ध्यानात येते.

या अभ्यासात आढळले ते असे. माणूस जागा झाला की मेदाम्लांचे ज्वलन घटते. मंद लहरींच्या गाढ झोपेत शिरला की ते वाढते. डोळ्यांच्या जलद हालचालींच्या, म्हणजे रेम झोपेत गेला की क्रेब्स चक्रातील, म्हणजे पेशीत इंधनाचे अखेरचे ज्वलन घडवणाऱ्या रासायनिक चक्रातील, मधल्या पदार्थांचे प्रमाण चढते. हे बदल त्वरेने होतात आणि अवस्था बदलली की उलटतात. रेम झोपेचा शोध ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून या टप्प्यांकडे प्रामुख्याने मेंदूची अवस्था म्हणूनच पाहिले गेले. येथे त्या टप्प्यांच्या सीमारेषा उच्छ्वासातही उमटलेल्या दिसतात.

‘उलटतात’ या शब्दात या अभ्यासाचे सारे बळ आहे, असे मला वाटते, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे. रात्री आपण झोपतो तेव्हा शरीरात तीन गोष्टी एकाच वेळी पुढे सरकत असतात. रात्रीच्या जेवणानंतरचा उपास तासातासाने लांबत जातो. शरीराचे दैनिक घड्याळ पहाटेकडे जाते आणि त्याप्रमाणे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके चढू लागतात. तिसरी गोष्ट अर्थातच झोप. समजा, उच्छ्वासातील ॲसिटोन रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत एकसारखे वाढत गेले, तर त्याचे श्रेय झोपेला देता येत नाही, कारण तो माणूस रात्रभर उपाशी जागा राहिला असता तरी ते वाढले असते. उपास आणि घड्याळ मात्र मागे फिरत नाहीत. झोपेच्या अवस्था साधारण ९० मिनिटांच्या आवर्तनांत पुन:पुन्हा येतात, मध्येच क्षणभर जाग येते आणि जाते. जो रेणू प्रत्येक वेळी गाढ झोपेबरोबर वर जातो आणि ती सुटताच खाली येतो, त्याच्या मागे ना उपास असू शकतो ना घड्याळ. एकाच रात्रीत, एकाच माणसात, तीच अवस्था अनेकदा येते आणि प्रत्येक वेळी पडताळा घेता येतो. तास-दोन तासांनी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून हे वेगळे काढता येत नाही. कितीही अचूक चाचणी असली, तरी ९० मिनिटांची लय दोन तासांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांत दिसणार नाही.

गाढ झोपेत मेदज्वलन का वाढावे, याची एक सुसंगत मांडणी करता येते. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असूनही विश्रांतीच्या वेळी एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा वापरतो, आणि तो प्रामुख्याने ग्लुकोजवर चालतो. गाढ झोपेत त्याचा ग्लुकोजचा वापर लक्षणीयरीत्या घटतो, तर रेम झोपेत तो जागेपणाच्या जवळपास परततो. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेबरोबर वाढ संप्रेरकाची मोठी लाटही येते आणि ते संप्रेरक साठवलेल्या मेदाचे विघटन वाढवते. मात्र ही संप्रेरकाची वाट मला अपुरी वाटते. संप्रेरक रक्तात येणे, मेदपेशींवर त्याचा परिणाम होणे आणि मेदाम्ले मोकळी होणे यांना बराच वेळ लागतो, तर उच्छ्वासातील बदल त्याहून फार लवकर दिसतात. एवढ्या लगबगीने बदल घडवणारी यंत्रणा शोधायची, तर प्रथम स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, मज्जासंस्थेकडे पाहावे लागेल, कारण झोपेच्या टप्प्यांबरोबर तिचा कल तात्काळ बदलतो आणि यकृत, मेदपेशी व रक्तवाहिन्या या सर्वांपर्यंत तिचे धागे पोहोचलेले आहेत.

येथेच सावध होणेही आवश्यक आहे. उच्छ्वासातील एखाद्या रेणूचे प्रमाण बदलले याचा अर्थ त्याची निर्मिती बदलली असाच होतो असे नाही. श्वासाची खोली आणि फुप्फुसांतून जाणारे रक्त यांतील बदलही तोच परिणाम घडवू शकतात, आणि झोपेचा टप्पा बदलला की नेमक्या याच गोष्टी बदलतात. रेम झोपेत तर श्वास अनियमितच असतो. याचा सर्वांत बोलका धडा आयसोप्रीन या पाच कार्बनच्या लहानशा रेणूने दिला आहे. झोपेत त्याचे प्रमाण वाढते आणि जाग येताच उतरते, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले होते. आयसोप्रीन कोलेस्टेरॉल बनण्याच्या मार्गातून निसटते असे तेव्हा मानले जाई, त्यामुळे ते रात्रीच्या कोलेस्टेरॉल निर्मितीचे मापक ठरेल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. पुढे ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०१२ मध्ये झोपेतील उच्छ्वास अखंडपणे मोजून प्रसिद्ध केलेल्या नोंदींत आयसोप्रीनची टोके, म्हणजे प्रमाणातील एकाएकी चढ, झोपणाऱ्याच्या हालचालींशी जोडलेली आढळली. पाय हलला की स्नायूंत साचलेले आयसोप्रीन रक्ताबरोबर फुप्फुसांपर्यंत येते आणि उच्छ्वासात टोक उमटते. त्यानंतर जर्मनीतील रोस्टॉक येथील गटाने उच्छ्वासात आयसोप्रीन अजिबात नसलेल्या निरोगी व्यक्तींचा अभ्यास केला आणि त्याचा उगम स्नायूंमधील एका विशिष्ट विकराशी निगडित असल्याचे दाखवले. यकृतातील कोलेस्टेरॉलचे म्हणून वाचले जाणारे चिन्ह वस्तुतः स्नायूंचे होते.

या अडचणीवर उपाय आहेत, पण ते कष्टाने अमलात आणावे लागतात. श्वासाचा आरंभीचा भाग नाक व श्वासनलिकेतून येतो, म्हणून तो टाळून शेवटचा भागच घ्यावा लागतो. कार्बन डायऑक्साइडची नोंद प्रत्येक श्वासाबरोबर ठेवून इतर रेणू तिच्याशी ताडून पाहावे लागतात. रक्तात कमी विरघळणारे आणि जास्त विरघळणारे रेणू वेगवेगळे तपासावे लागतात, कारण श्वसनातील बदलांना ते निरनिराळा प्रतिसाद देतात. माझ्या दृष्टीने सर्वांत पटणारा पुरावा मात्र अनेक रेणूंच्या एकत्रित वागण्यातून मिळतो. केवळ श्वसन बदलले असते, तर सारख्या विद्राव्यतेचे रेणू एकाच दिशेने सरकले असते. त्याऐवजी एकाच चयापचय मार्गातील रेणू मिळून वर गेले आणि दुसऱ्या मार्गातील खाली आले, तर त्याचे स्पष्टीकरण श्वासाच्या खोलीने देता येत नाही. रेणूंच्या ओळखीबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. अचूक वजनावरून सूत्र कळते, परंतु एकाच सूत्राचे अनेक रेणू असू शकतात आणि त्यांतील नेमका कोणता आहे हे रेणू फोडून त्याचे तुकडे तपासल्याशिवाय ठरत नाही.

रोगनिदानाच्या दिशेनेही काम चालू आहे. झोपेत श्वास वारंवार अडणाऱ्या स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांचे सीपॅप यंत्र (श्वासमार्ग उघडा ठेवण्यासाठी सतत दाबाने हवा देणारे) दोन आठवडे थांबवल्यावर त्यांच्या उच्छ्वासाचा रेणूपट बदलल्याचे झुरिकच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवले होते. ॲसिटोन मोजणारी छोटी घरगुती यंत्रेही आता मिळतात. ती उपासाच्या किंवा केटोन आहाराच्या संदर्भात थोडीफार उपयोगी असतील, पण सकाळच्या एका फुंकरीतून झोपेच्या टप्प्यांविषयी काही सांगता येईल असे मानायला आधार नाही.

मला ज्या प्रयोगाची उत्सुकता आहे, त्याचे दोन्ही भाग आज वेगवेगळे अस्तित्वात आहेत. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे खालावली. तेथेच २००८ मध्ये याहून नेमका प्रयोग झाला. त्यात नऊ निरोगी व्यक्तींची एकूण झोप कमी न करता, गाढ झोपेच्या लहरी दिसू लागताच आवाज करून फक्त तेवढाच टप्पा तीन रात्री दडपला गेला आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे २५ टक्क्यांनी घटला. हा परिणाम सकाळच्या रक्तचाचणीत दिसला, त्यामुळे रात्री नेमके काय बिघडले ते त्यातून कळत नाही. हाच प्रयोग उच्छ्वास अखंडपणे मोजत केला, तर प्रत्येक आवाजानंतर, गाढ झोप मोडताच मेदाम्लांचे ज्वलन उतरते का, आणि उतरत असेल तर पुढचा आवाज येईपर्यंत ते पूर्ववत होते की तिसऱ्या रात्रीपर्यंत हळूहळू खालच्याच पातळीवर स्थिरावते, हे दहा-दहा सेकंदांच्या नोंदींत पाहता येईल. सोबत कार्बन-१३ ने अंकित केलेले मेदाम्ल दिले, तर बाहेर पडणारा कार्बन त्याच मेदातून आला की नाही याची स्वतंत्र खात्रीही करून घेता येईल. बायकार्बोनेटच्या साठ्यामुळे ही खात्री सेकंदांत मिळणार नाही, बऱ्याच मिनिटांच्या उशिराने मिळेल. पण रात्र मोठी असते आणि झोपेची आवर्तने चार-पाच वेळा येतात, तेव्हा तेवढा उशीर हिशेबात धरूनही उत्तर मिळू शकेल.